चिखलाची रेघ पुसू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले, 2021 मध्ये पुन्हा घरांत शिरले. त्या चिखलातून निघालेल्या वह्या, फोटो, कुलपे, लुगड्यांचे तुकडे घेऊन मिश्र माध्यमात, म्हणजे रंगांसोबत खऱ्या वस्तू चिकटवून, काम करणाऱ्यांच्या कलाकृती पाहताना दोन गोष्टी जिवाला लागतात. एक तर वस्तू घासूनपुसून, वर सोनेरी रंग आणि व्हार्निश चढवून मांडतात. ती कुठून आली हेच कळेनासे होते. नाहीतर तशीच ओलसर चिकटवतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात ती बुरशी धरते. कुर्ट श्विटर्स या जर्मन चित्रकाराने पहिल्या महायुद्धानंतर ट्रामची तिकिटे आणि रस्त्यावरच्या चिठोऱ्या चिकटवून केलेली चित्रे आज शंभर वर्षांनीही संग्रहालयांत आहेत. कागद टिकतो, टिकवला तर.

हळदीच्या पेढीवरची लाल कापडी बांधणीची खतावणी घ्या. कपाटात उभी राहिलेली असेल तर प्रत्येक पानावर एकाच उंचीला तपकिरी रेघ असते. वरचे आकडे शाबूत, खालची शाई फुटलेली. त्या घरात पाणी कुठवर चढले ते ही रेघ सांगते. ती धुऊन टाकली तर उरते ती फक्त जुनी वही. वही सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर सुकवावी. दर दहा-बारा पानांनी टिपकागद घालावा, ओला झाला की बदलावा. ओला चिखल पुसला तर तो कागदाच्या तंतूंत शिरतो. म्हणून पूर्ण वाळल्यावर, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने सुटी माती तेवढी झटकावी. रेघ भुरभुरत असेल तर 1 लिटर पाण्यात 10 ग्रॅम मिथाइल सेल्युलोज (पाण्यात विरघळणारी, सौम्य डिंकासारखी पूड) विरघळवून बारीक फवाऱ्याने दीड फुटावरून दोन-तीन हलके हात द्यावेत. एकदम भिजवल्यास शाई पसरते.

चिकटवायला घरची खळ उत्तम, पण नुसत्या मैद्याची नको. मैद्याचा गोळा पाण्यात चोळून धुवावा, चिकट भाग बाजूला काढावा आणि पाणी रात्रभर ठेवून तळाशी बसलेला स्टार्च घ्यावा. कसर चिकट भागावर जास्त येते. 1 वाटी स्टार्चला 5 वाट्या पाणी, मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे, पारदर्शक दिसेपर्यंत. जुनी माणसे कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालायची. तांब्यामुळे कागद पुढे ठिसूळ होतो, तेव्हा तो मोह टाळावा.

प्लायवूडवर एकाच बाजूने कागद डकवला की तो वाळताना आक्रसतो आणि फळी वाकते. मागेही तितक्याच जाडीचा कागद लावावा. त्याआधी दोन्ही बाजूंना ॲक्रिलिक प्रायमरचे दोन हात हवेतच, नाहीतर लाकडातले आम्ल कागदावर पिवळे उतरते.

कुलूप, बिजागरी, खिळे यांचा सुटा गंज तारेच्या ब्रशने काढून हिरड्याचा दाट काढा लावावा. गंज काळा पडतो. वाळल्यावर वर मेण. लोखंड तांब्या-पितळेच्या तारेने बांधू नये, दमट हवेत ते लवकर खाल्ले जाते. नायलॉनचा दोरा चालतो.

काचेला चिकटलेला फोटो ओढू नये. ओढला तर चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. काचेसकटच मांडावा. पंच केलेली एसटीची जुनी तिकिटे वर्षानुवर्षे राहतात. मशीनमधून निघणारे आजचे तिकीट उष्णतेने छापलेले असते, ते काही काळाने कोरे पडते. त्याची झेरॉक्स चिकटवावी.

आयोजकांना विनंती की पावसाळ्यात इमारतीच्या बाहेरच्या बाजूच्या भिंतीला आतून काम टांगताना मागे बुचाचे तुकडे लावून इंचभर फट ठेवावी आणि कलाकृतीच्या पाठीवर वस्तू, गोंद व रंगांची चिठ्ठी लावावी. दुरुस्त करणाऱ्याला तीच उपयोगी पडते. आणि भंगारातून आलेल्या अल्बममधले चेहरे वापरण्याआधी त्या गल्लीत विचारावे. माणूस सापडला तर मूळ फोटो त्याच्या घरी जावा, चित्रात प्रत.

आपला,
एक वाचक, मिरज (जि. सांगली)