खुलं पत्र: आमच्या खड्ड्यातल्या पिवळ्या पाण्याबद्दल

मा. मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

पत्राची सवय नाही, अर्जाची आहे. गेल्या दोन वर्षांत चौदा-पंधरा अर्ज झाले असतील, मोजायचं सोडून दिलं. प्रत्येकाचं उत्तर एकच, "आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे." तो संबंधित विभाग कुठं बसतो तेवढं सांगा, डबा घेऊन जातो.

मी भांडुपचा. आमच्या चाळीचं रिडेव्हलपमेंट चाललंय, शेजारच्या बंद पडलेल्या प्लेटिंगच्या, म्हणजे धातूला मुलामा द्यायच्या, कारखान्याची जागा धरून. अर्धी चाळ पाडली, आम्ही फेज दोनवाले अजून इथंच, खड्ड्याच्या काठावर. मंगळवारी रात्री धो धो पाऊस, खड्डा भरला आणि पाणी पॅसेजमध्ये. सकाळी बघतो तर पिवळं. गढूळ नाही हो, हळद कालवल्यासारखं पिवळं. आई दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "हा तर ह्यांच्या बनियनचा रंग."

ह्यांच्या म्हणजे बाबांच्या. बाबांनी २२ वर्षं क्रोमच्या टाकीपाशी काढली, दुसऱ्या एका गाळ्यात. हाताला बारीक भोकं पडायची ती महिना महिना भरायची नाहीत, नाकाचा मधला पडदा तर आरपार गेला होता, आम्ही लहानपणी त्याची गंमत करायचो. क्रोमनं पिवळे झालेले ते बनियन आईनं २२ वर्षं धुतले. तिला लॅब लागत नाही साहेब. आता तिच्या घोट्यांना खाज सुटलीय आणि ती तेच पाणी झाडूनं लोटतेय, कारण दुसरं कोण लोटणार.

आमच्या मीटिंगला एक साहेब आले होते, खुर्ची, शाल, नारळ सगळं झालं. म्हणाले माती तपासलीय, काळजी नको, सगळं साफ करूनच पाया घेणार. मी रिपोर्ट मागितला, चार महिन्यांनी मिळाला. तो निघाला सॉइल टेस्टचा, म्हणजे जमीन वजन किती पेलते, खडक किती फुटांवर लागतो. विषाचा त्यात एक शब्द नाही. टॉवर उभा राहील याची खात्री आहे, आत राहणाऱ्यांचं त्यांचं ते बघतील. आणि खणलेली माती? रात्री एक-दीडला डंपर निघतात. अशा मालासाठी तळोज्याला घातक कचऱ्याची जागा आहे, पण आमची माती तिथं गेल्याची पावती अजून कोणी दाखवलेली नाही. वर्गणीची पावती मात्र मंडळ लगेच देतं.

बाबा सांगायचे, निदान हिराकस (फेरस सल्फेट) टाकली की पिवळं हिरवट होतं, जहाल क्रोम मवाळ होतो आणि गाळ खाली बसतो. सातवी पास माणसाला हे माहीत होतं. इथं नुसता मुरूम टाकून झाकलं.

कायदा नाही असं म्हणू नका. जुलै २०२५ मध्ये केंद्रानं दूषित जागांचे नियम काढलेत, मी मोबाईलवर वाचले. जिल्हा प्रशासनानं संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, मग ९० दिवसांत प्राथमिक तपासणी, आणि ज्यानं घाण केली त्याच्याकडून खर्च वसूल. वाचून इतका आनंद झाला की आईला पण वाचून दाखवलं. मग ऑफिसात गेलो, तर टेबलावरच्या माणसानं मलाच विचारलं, असे नियम आलेत का?

आणि आमचं काय घेऊन बसलात, देवनारचं बघा. १९२७ पासून कचरा पडतोय, १८५ लाख टनांचा डोंगर, तो उपसायला २,३६८ कोटींचं टेंडर निघालं. पण त्यातली १२४ एकर जागा धारावीतल्या लोकांना घरं द्यायला त्याच्या आधीच, २०२४ ला देऊन मोकळे. बंद केलेल्या डंपिंगवर १५ वर्षं देखरेख ठेवून, गॅस आणि कचऱ्यातून झिरपणारं पाणी तपासल्याशिवाय माणसं राहायला न्यायची नाहीत हे २००० सालच्या नियमातच होतं, आणि देवनारला तर डंपिंग बंदच झालेलं नाही. मालाडला जुन्या डंपिंगवर ऑफिसं बांधली, तिथं जमिनीतल्या गॅसनं कॉम्प्युटर गंजले तेव्हा केवढी धावपळ झाली. रिफायनरीशेजारच्या माहुलला माणसं खोकत होती तर २०१९ ला हायकोर्टानं महिना १५,००० भाडं द्यायला सांगेपर्यंत कोणी हललं नाही. म्हणजे तुमच्याकडे कॉम्प्युटरचा नंबर आधी. स्वच्छ जमीन समुद्राकडे तोंड करून विकायची आणि डंपिंग, रिफायनरी, प्लेटिंगचे गाळे आमच्या नावावर. वर भाषणात मराठी माणसाला हक्काचं घर.

रागात जास्त लिहिलं असेल तर असू दे, पुसत नाही. मागणं फार मोठं नाही: काम थांबवा, मातीत आणि पाण्यात क्रोम किती ते तपासा, डंपर कुठे रिकामे झाले ते लिहून द्या, आणि तोवर फेज दोनच्या घरांचं भाडं सुरू करा.

बिसलेरीच्या बाटलीत ते पाणी भरून मोरीच्या वरच्या फळीवर ठेवलंय. परवा भाच्यानं सरबत म्हणून उचलली होती, आता त्यावर चिंधी बांधलीय. बाटली न्यायला माणूस पाठवा. दिवसा मी कामावर असतो, आई दार उघडत नाही, तेव्हा सातनंतर पाठवा.

आपला,
फेज दोनमधला एक रहिवासी, भांडुप