चिठ्ठी हरवली की दगड मुका

संपादक महोदय,

आपल्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या पोकळ्यांत सापडणारी स्टिलबाइट, अपोफिलाइट ही स्फटिक खनिजे जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला कॅव्हनसाइट तर पांढऱ्या स्टिलबाइटवर निळी फुले चिकटवावीत तसा दिसतो. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांवरून त्याचे नाव पडले. पण गेल्या महिन्यात एका विक्रेत्याकडे घेतलेल्या हिरव्या अपोफिलाइटच्या खोक्यावर फक्त 'पूना' होते. नमुन्यांसोबतच्या जुन्या परदेशी चिठ्ठ्यांवरही हाच शिक्का. माल जळगावचा असो वा नाशिकच्या पांडवलेणीजवळचा, सगळे 'पूना'! खाण कुठली विचारले, तर विक्रेता म्हणाला, "साहेब, चमक बघा ना."

खाणी बुजतात, वर इमारती उभ्या राहतात. मग तो थर पुन्हा बघायला मिळत नाही. म्हणून खाण, गाव आणि सापडल्याचे साल लिहून घ्यावे. मी दगडाच्या बुडाला पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने क्रमांक घालतो, तोच वहीत. जुनी चिठ्ठी कितीही मळकी असली तरी फेकत नाही. सिन्नरचे 'गारगोटी' संग्रहालय पाहायला जाणाऱ्या शाळांनी मुलांना दगडासोबत त्याची पाटीही वाचायला लावावी.

— एक संग्राहक, पुणे