लेकीले, फोनवर अर्धवट राहिलेलं

बाई,
परवा तू विचारलं, दुसरं मूल लांबवायले अंतराची सुई घेऊ का तांबी बसवू, अन् मी "पाहू मंग" म्हणून फोन ठेवून देल्ला, कारण तुझे बाबा बाजूलेच खाटेवर खर्रा घोटत बसले होते. मंग रातभर झोप नाही आली म्हणून आता लिहून राहिली.

तुझं बाळ ४ महिन्याचं, अंगावर पिते. म्हणून माला एन, ती रोजची गोळी, सध्या नको, दूध कमी होऊ शकते, ६ महिने तरी थांब. अंतरा चालते, दर ३ महिन्यानं सुई, सरकारी दवाखान्यात फुकट, पण पाळी कधी येते कधी येतच नाही, अन् बंद केल्यावर दिवस रहायले ७ ते १० महिने लागू शकतात, तुम्हाले दुसरं लवकर पाहिजे असन तर ते पाह्य. तांबी १० वर्षाची पण भेटते, हार्मोन नाही तिच्यात, पण सुरुवातीचे महिने पाळीत रक्त जास्त जाते अन् तुझं हिमोग्लोबिन बाळंतपणातच ८ होतं. म्हणून मले छाया गोळी बरी वाटते. हिच्यात पण हार्मोन नाही, पहिले ३ महिने हप्त्यातून २ गोळ्या, मंग हप्त्याले १. वार चुकवू नको पण. आधी तिकडच्या सिस्टरले विचार.

जावईबापूले पण बोल. माणसाची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी असते, पण आपल्या गावात अजून एकही तयार नाही झाला, कापूस वेचायची ताकद जाईन म्हणतात, जसे काही तेच वेचतात!

आता माझं. ४६ व्या वर्षी पाळीत १५-१५ दिवस रक्त जायचं. एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी पाहून म्हणाले पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईन. तुझ्या मोठ्या आईनं ३५ व्या वर्षी असंच ऐकून काढली, संगं अंडाशय पण गेले, अन् महिन्याभरात अंगातून वाफा, झोप नाही, चिडचिड, आम्ही समजलो बाई वेडी झाली. अंडाशय काढले का पाळी एकदमच जाते, हे तिले कोणीच सांगितलं नव्हतं. मी सेवाग्रामच्या दवाखान्यात गेली. पिशवीतला तुकडा तपासला, थायरॉइड पाह्यला, काहीच नव्हतं, पाळी जायच्या आधी हार्मोन खालीवर होतात तेच होतं. गोळ्यांवर भागलं, पिशवी माझ्याजवळच आहे.

आता ५ महिने झाले आली नाही. सलग १२ महिने नाही आली तवाच गेली म्हणायची, तोपर्यंत दिवस राहू शकतात, हे मले ४८ व्या वर्षी समजलं, हसू नको. वेचतांनी एकदम वाफ निघते, सावलीत बसली का बाया म्हणतात काऊन माय, डिसेंबरात ऊन लागलं का. त्यातल्याच एकीले पाळी जाऊन २ वर्ष झाले अन् परत रक्त दिसलं, "जवान झाली" म्हणून हसत होती, तिले मी ओढतच दवाखान्यात नेलं. एकदा गेल्यावर थेंब जरी दिसला तरी तपासा लागते.

बाबा आले, ठेवते. सिस्टर हो म्हणाली तर आशाताईजवळून छायाची पाकिटं घेऊन मेथीच्या लाडवाच्या डब्यात खाली ठेवून पाठवते, सासूले फक्त लाडू दाखव.