चार जणांच्या जोड्या आणि हर्मिट

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू म्हणालीस की हर्मिट पॉलिनॉमियल नुसते पाठ करावे लागतात बाबा, ते कुठून येतात तेच कळत नाही. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. मीही ते डिफरन्शियल इक्वेशन सोडवूनच शिकलो होतो, सीरिज मांडायची, सहगुणक काढायचे, आणि ती बाजू खरीच आहे, पण दुसरी बाजू मला फार उशिरा कळली, ती तुला आत्ताच कळावी म्हणून लिहितोय.

चौथा हर्मिट पॉलिनॉमियल घे, एक्सचा चौथा घात वजा ६ एक्स वर्ग अधिक ३. हे ६ आणि ३ कुठून आले? चार जण आहेत समज, कोणी एकटं राहील कोणी जोडी करेल, एकट्याला एक्स द्यायचा, जोडीला वजा १, प्रत्येक मांडणीत हे सगळे गुणायचे आणि सगळ्या मांडण्यांची बेरीज करायची. सगळे एकटे राहिले तर एक्सचा चौथा घात, एकच जोडी करायची तर ६ प्रकारे होते, दोन जोड्या ३ प्रकारे. झालं, तोच पॉलिनॉमियल! मी पहिल्यांदा हे कागदावर केलं तेव्हा खरंच विश्वास बसेना, परत परत मोजत बसलो.

आता पाचवा माणूस आला, तो एकटा राहील नाहीतर चौघांतल्या एकाशी जोडी करेल, म्हणजे पाचवा बरोबर एक्स गुणिले चौथा, वजा ४ गुणिले तिसरा. तुझी रिकरन्स, म्हणजे आधीच्या दोघांवरून पुढचा काढायचा नियम, तीच गं. आणि डेरिव्हेटिव्ह म्हणजे एकट्या राहिलेल्यांपैकी एकाला बाहेर काढणं, म्हणून एन-व्याचा डेरिव्हेटिव्ह एन गुणिले आधीचा. हे दोन नियम एकत्र करून एकदा डिफरन्शिएट कर, एन-व्याला वाय म्हण, मग वाय डबल डॅश वजा एक्स वाय डॅश अधिक एन वाय बरोबर शून्य, हे आपोआप हातात येतं. हार्मोनिक ऑसिलेटरमधे तू जे सोडवतेस त्याच्या मुळाशी हेच.

ऑर्थोगोनल का, म्हणजे दोन वेगळ्या हर्मिटच्या गुणाकाराची सरासरी शून्य का, तर बेल कर्व्हवर (सरासरी शून्य, व्हेरियन्स १ असलेला नॉर्मल कर्व्ह) एक्सच्या चौथ्या घाताची सरासरी ३ येते, कारण चौघांना पूर्ण जोड्यांत बसवायचे मार्ग ३. दोन हर्मिटचा गुणाकार केला तर प्रत्येकाची माणसं म्हणजे एक गट, आणि आपल्या पॉलिनॉमियलमधल्या त्या वजा खुणा गटातल्या गटात झालेल्या जोड्या नेमक्या खोडून टाकतात, उरतात फक्त एका गटातून दुसऱ्या गटात गेलेल्या. आता एका गटात ४, दुसऱ्यात २. दोघं उरणारच, कोणाशी जोडी करणार? म्हणून चौथ्या आणि दुसऱ्याच्या गुणाकाराचं बेल कर्व्हवरचं इंटिग्रल, म्हणजे सरासरी, शून्य. गट सारखे, ४ आणि ४, तर २४ मार्ग, म्हणून तिथे ४ फॅक्टोरियल. मला अख्ख्या विषयात यापेक्षा सुंदर कारण माहीत नाही.

लागेर पॉलिनॉमियल, म्हणजे अशाच दुसऱ्या एका कुटुंबातले, ते तुझे तू कर. ३ बाय ३ चा बुद्धिबळाचा पट काढ, एकमेकांना मारणार नाहीत असे एक, दोन, तीन हत्ती किती प्रकारे बसतात ते मोज, आणि मग तिसऱ्या लागेरला ६ ने गुणून सहगुणक शेजारी लिही, चिन्हं सोडून फक्त आकडे. ९, १८, ६ आले की रात्री कितीही वाजता फोन कर.

तुझे बाबा