पीटीकेच्या ईमेलबद्दल, जरा वाचा

मंडळी, आपल्यातली जी मुलं अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला आहेत त्यांनी आज कॉलेजचा इनबॉक्स उघडून बघा, स्पॅम फोल्डरसकट. फाय थेटा कॅपा म्हणजे पीटीकेचं इन्व्हिटेशन तिथे पडलेलं असतं आणि आपण पैसे मागतायत म्हणून फेक समजून उडवून देतो. मी पण तेच केलं होतं, नंतर ॲडव्हायझरने विचारलं तेव्हा ट्रॅशमधून शोधून काढलं 😅

ही फेक नाहीये. 1918 मध्ये मिसुरीत सुरू झालेली, दोन वर्षांच्या कॉलेजेसची ऑनर सोसायटी आहे, म्हणजे चांगले मार्क असणाऱ्या विद्यार्थ्यांची संस्था. जीपीए बहुतेक ठिकाणी 3.5 लागतो, पण क्रेडिट्सची अट आणि लोकल फी चॅप्टरप्रमाणे (म्हणजे कॉलेजातल्या शाखेप्रमाणे) बदलते, त्यामुळे मित्राला किती लागले यावर जाऊ नका, आपल्या चॅप्टर ॲडव्हायझरलाच विचारा. फी एकदाच भरायची, दरवर्षी नाही. जड वाटत असेल तर तेही मोकळेपणाने विचारा, काही कॉलेजं मदत करतात.

फायदा कशात आहे म्हणाल तर ट्रान्सफरमध्ये, म्हणजे पुढे चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत जाताना. बऱ्याच युनिव्हर्सिटीज पीटीके मेंबर्सना वेगळी स्कॉलरशिप देतात, पण मेंबरशिप त्यांच्या अर्जाच्या तारखेआधी हातात पाहिजे, आणि इथेच आपली मुलं उशीर करतात. एफ-1 (स्टुडंट व्हिसा) वाल्यांनी प्रत्येक स्कॉलरशिपची अट नीट वाचा, काही फक्त सिटिझन्ससाठी असतात. ग्रॅज्युएशनला गळ्यात सोनेरी स्टोल घालून काढलेला फोटो आजीला पाठवायचा, तो बोनस.

आणि दुसऱ्या कुठल्या अनोळखी "ऑनर सोसायटी"चं मेल आलं तर आधी कॉलेजात विचारा, मगच कार्ड काढा.