हवा मोजली कुणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या इमारतींच्या जाहिरातींत ‘भरपूर हवा-उजेड’ हे शब्द हटकून असतात. हवा मोजली कुणी, हे मात्र कुठेच नसतं. मी २२ वर्षं एका अभियांत्रिकी महाविद्यालयात वातबोगद्यावर, म्हणजे पंख्याने वारा सोडून मॉडेल तपासायच्या लांब बोगद्यावर, सहायक होतो, म्हणून विचारतो.

आम्ही इमारतीचं शंभरपट लहान अ‍ॅक्रिलिक मॉडेल करायचो. बोगद्याच्या तळावर लाकडी ठोकळ्यांच्या रांगा मांडायच्या, म्हणजे खालचा वारा शहरातल्यासारखा मंद आणि अडखळता होतो. भिंतींना बारीक भोकं पाडून नळ्यांनी दाब मोजायचा. समोर रेटा, पाठीमागे ओढ. या फरकाने घरात हवा खेळते. गोम अशी, की खिडक्या नसलेल्या बंद मॉडेलवर मोजलेला दाब बारीक फटींतून येणाऱ्या हवेच्या हिशेबापुरता चालतो. मोठ्या खिडक्या उघडल्या की वारा आतूनच पार होतो आणि हिशेब फसतो. मग आत थोडा वायू सोडून तो किती वेळात विरतो, ते बघत बसायचं. कंटाळवाणं काम, पण आकडा खरा मिळतो.

एकदा मॉडेलला खेटून तेवढंच उंच दुसरं मॉडेल ठेवलं, तर आत सोडलेला धूर जागीच घुटमळला. चेंबूरच्या माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, खेटून उभ्या इमारतीमुळे, आज तेच चाललंय. खिडकी सताड उघडी, तरी देवापुढच्या उदबत्तीचा धूर सरळ छताला जातो.

खूप उंच टॉवर वाऱ्याने किती डोलेल, हे बोगद्यात तपासतातच. त्याच वेळी शेजारच्या बुटक्या इमारतींच्या मॉडेलना खिडक्या कापून आतली हवाही मोजायला सांगा की!

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, चेंबूर