टॅटू आणि टोचलेले कान एकाच नियमात कसे बसतात?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विद्यार्थ्यांच्या टॅटूंना आणि टोचून घेतलेल्या दागिन्यांना शाळांनी मुभा द्यावी की नाही, या विषयावरचा कालच्या अंकातील लेख मी दोनदा वाचला. लेखकांनी शिस्तीबद्दल जी कळकळ व्यक्त केली आहे, तिच्याविषयी मला आदर आहे. परंतु टॅटू, टोचलेले कान, रंगवलेले केस आणि वाढवलेली नखे ही सारी एकाच दावणीला बांधून ‘गणवेशाला न शोभणारे जे जे असेल ते शाळेच्या दारातच उतरवायला लावावे’ असा जो निष्कर्ष त्यांनी काढला आहे, तो वाचून मला संताप आला. तो का आला, हे सांगण्यासाठीच हे पत्र.

माझी पुतणी नववीत शिकते. सुट्टीत तिने आईच्या संमतीने आणि आईच्या समोर कानाचा वरचा भाग टोचून घेतला. शाळा सुरू झाली तेव्हा ती जखम ओलीच होती. पर्यवेक्षिकाबाईंनी तिला वर्गाबाहेर बोलावले आणि तो बारीकसा स्टड तिथल्या तिथे काढायला सांगितला. सुजलेल्या कानातून तो निघेना, तेव्हा त्यांनी स्वतःच तो ओढून काढला. हात धुतलेले नव्हते, जवळ कापूस नव्हता, आणि वर्गातली मुले दारातून पाहत होती. वहीच्या कागदाच्या पुडीत बांधलेला तो स्टड संध्याकाळी घरी आला तेव्हा कागदाला रक्त लागून वाळले होते. दुसऱ्या दिवशी कान लालभडक होऊन टम्म सुजला आणि तिला उशीवर डोके टेकवणेही अशक्य झाले.

लेखकांना कदाचित कल्पना नसेल, पण कानाची पाळी आणि कानाचा वरचा कडक भाग यांत फार अंतर आहे. पाळीचे भोक साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांत बरे होते. वरच्या भागात मात्र कूर्चा असते आणि तिथली जखम पूर्ण भरायला अनेक महिने, कधी वर्षही लागते. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, तिच्यावरच्या पातळ आवरणातून तिला पोषण मिळते. त्यामुळे तिथे जंतुसंसर्ग झाला तर औषध सावकाश पोहोचते, आणि उपचार वेळेवर मिळाले नाहीत तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. माझ्या पुतणीचा कान वाचला, कारण तिची आई तिला तातडीने डॉक्टरांकडे घेऊन गेली. शाळेने मात्र आजतागायत साधी चौकशीही केलेली नाही.

टॅटूची गोष्ट याहून वेगळी आहे. सुई रंग सोडते तो त्वचेच्या वरच्या थरात नव्हे, त्याखालच्या थरात. म्हणून वरची त्वचा झडून नवी आली तरी टॅटू जागेवरच राहतो. तिथल्या प्रतिकारपेशी तो रंग गिळून बसतात आणि एक पेशी मेली की तिचा रंग दुसरी उचलते, हे फ्रान्समधील संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींनी टॅटू काढून घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ब्रिटनने 1969 मध्येच कायदा करून अठरा वर्षांखालील मुलांना टॅटू काढण्यावर बंदी घातली, ती मला योग्य वाटते. पण ती बंदी टॅटू काढणाऱ्या प्रौढावर आहे आणि दंडही त्यालाच होतो. ज्या मुलीच्या हातावर टॅटू आधीच आहे, तिने तो शाळेच्या दारात उतरवायचा म्हणजे नेमके काय करायचे, याचे उत्तर लेखकांनी द्यावे.

हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेतील आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट येथे एका मुलीने आठवीत असताना अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये छोटासा क्रॉस गोंदवून घेतला होता. सुमारे अडीच वर्षे कोणीही हरकत घेतली नाही. मग 1992 मध्ये शाळेने ती टोळीची खूण ठरवली. तिचा कोणत्याही टोळीशी संबंध असल्याचा पुरावा नव्हता, तरी शाळेतून काढले जाण्याच्या भीतीने तिने लेझरने तो क्रॉस जाळून घेतला आणि हातावर व्रण उरला. 1997 मध्ये अपील न्यायालयाने शाळेचा तो नियमच संदिग्ध म्हणून रद्दबातल ठरवला. निकाल तिच्या बाजूने लागला, पण व्रण तसाच राहिला.

दक्षिण आफ्रिकेतील डर्बनचे प्रकरणही लेखकांनी विचारात घ्यायला हवे होते. तिथे दक्षिण भारतीय वंशाच्या एका मुलीच्या चमकीवरून सुरू झालेला वाद थेट घटनात्मक न्यायालयापर्यंत गेला आणि 2007 मध्ये सरन्यायाधीश पायस लांगा यांनी मुलीला सूट न देणे हा अन्याय्य भेदभाव असल्याचा निर्णय दिला. मला त्यातली एक लहानशी बाब अधिक महत्त्वाची वाटते. त्या शाळेचा चमकीला सक्त विरोध होता, तरी नाकाची जखम बरी झाल्यावर ती काढावी, एवढी मुदत शाळेने दिली होती. आमच्या पर्यवेक्षिकाबाईंना एवढेही सुचले नाही.

शाळेने काहीच नियम करू नयेत, असे माझे म्हणणे नाही. खेळाच्या तासाला लोंबते डूल नकोत, हे क्रीडाशिक्षकांचे म्हणणे रास्त आहे, कारण चेंडू किंवा कोणाचे बोट अडकून पाळी फाटू शकते. जखम ताजी असेल तर पट्टी चिकटवावी किंवा मुलाला तेवढे दिवस खेळातून सूट द्यावी. द्वेष पसरवणारा मजकूर गोंदवलेला असेल तर तो बाहीखाली झाकायला सांगावे. मात्र जो नियम असेल तो प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट शब्दांत पालकांच्या हाती द्यावा, आणि कोणत्याही परिस्थितीत शिक्षकांनी मुलाच्या शरीराला हात लावू नये. काही अडचण असेल तर पालकांना बोलावून घ्यावे. गणवेशाचा सदरा मूल घरी जाऊन बदलू शकते, त्वचा बदलू शकत नाही, हा फरक ध्यानात न घेता केलेला प्रत्येक नियम शेवटी एखाद्या मुलाला दुखापत करतो.

जाता जाता आणखी एक तक्रार नोंदवतो. लेखासोबत आपण गणवेशातील एका विद्यार्थिनीचे छायाचित्र छापले आहे. तिचा कान दाखवण्याच्या निमित्ताने तिचा अर्धा चेहरा स्पष्ट ओळखू येतो, आणि खाली बेशिस्तीचा उल्लेख असलेली ओळ आहे. हे छायाचित्र कुठून घेतले आणि त्या मुलीच्या पालकांची परवानगी घेतली होती का, याचा खुलासा आपण याच पानावर करावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक